चांगली सर्व्हायव्हल सुरी कशी असावी? आधी म्यान बघा

सर्व्हायव्हल नाईफला, म्हणजे रानात अडचणीत सापडलो तर कामी येणाऱ्या सुरीला, आणि तिच्या म्यानाला काय काय जमायला हवं, असं तुम्ही विचारलंय. सुरीबद्दल बाकीचे सांगतीलच. मी म्यानापासून सुरू करतो, कारण माझ्या मेव्हण्याच्या मांडीवर अजून वण आहे.

२०१२ चा जुलै. कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून राजमाची किल्ल्यावर गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं उतरत होतो. मेव्हण्याच्या कमरेला कोरी करकरीत सुरी. पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीत गळ, दोरा नि काड्या, टोपणात होकायंत्र. आदल्या रात्री किल्ल्याजवळच्या उधेवाडीत पिठलं-भाकरी गार होईपर्यंत त्यानं सगळ्यांना एकेक वस्तू काढून दाखवली होती. लेण्यांच्या वरच्या उतारावर शेवाळावरून पाय सटकला आणि गडी दणकन बसला. घोटा मुरगळलाच, वर सुरीचं टोक नायलॉनच्या म्यानाची शिवण उसवून मांडीत घुसलं. जीव वाचवायला घेतलेल्या सुरीनं पहिलं रक्त मालकाचंच काढलं.

काखेत धरायला बेचक्याची काठी हवी होती. वाटेतच मोडून पडलेली एक फांदी सापडली, मनगटाएवढी जाड. करवतीचे दात चार वेळा ओढले तेवढ्यात ओल्या भुश्यानं भरले, पुढे नुसते घासत बसले. मग पातं फांदीवर टेकवून वरून ठोकायचं ठरलं. तिसऱ्या ठोक्याला पातं एकीकडे, मूठ दुसरीकडे. अशा स्वस्त पोकळ मुठीत पातं आतवर गेलेलंच नसतं. तोंडाशी आटे पाडलेला बोटभर दांडा आणि एक नट, एवढ्यावर सगळा संसार. मोडलं ते बरोबर तिथूनच.

मागून वाडीतले एक मामा येत होते. कमरेला आकडी, आकडीत कोयता. त्यांनी पाठीमागे हात नेला, दोन घावांत फांदी तोडली, बेचकं तासून दिलं आणि आमच्याशी बोलता बोलता, मागे न बघता, धो धो पावसात कोयता परत आकडीत अडकवला. मेव्हण्याच्या म्यानाचं बटण लावायला दोन्ही हात लागायचे, शिवाय मान वाकडी करून बघावं लागायचं.

म्यान विकत घेताना हेच करून बघा. सुरी घालून उलटं धरा, झटका द्या. पडली तर दुकानातच ठेवून या. डोळे मिटून, एकाच हातानं सुरी निघाली पाहिजे आणि परत गेली पाहिजे. टोकाकडची बाजू कडक हवी, बसताना दुमडता कामा नये. तळाला पाणी निघायला भोक हवं. चामड्याचं म्यान दिसायला झकास, पण आपल्या पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं, बुरशी येते, आणि पातं कार्बन स्टीलचं असेल तर सकाळपर्यंत गंजाचे ठिपके. घरी आल्यावर सुरी म्यानाबाहेर ठेवायची आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. तेच तेल असू द्या, त्याच सुरीनं पुढे कांदा चिरायचाय.

सुरी म्हणाल तर पातं चार-पाच इंच, जाडी तीनेक मिलिमीटर, लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, म्हणजे फुल टँग. पाठ सपाट आणि कडा काटकोनात, म्हणजे फेरो रॉडवर (आग पेटवायची धातूची कांडी) घासली की ठिणगी पडते. दात, होकायंत्र हा सगळा कचरा. काड्या वेगळ्या डबीत ठेवा.

आता थोडं मागे घेतो. माझ्याकडे गेली काही वर्षं स्वीडनची साधी मोरा सुरी आहे, तिचं टँग काही शेवटापर्यंत नाही, तरी तक्रार नाही. कोयता भारी म्हणून तुम्ही लगेच कमरेला लावू नका, सवय नसली तर स्वतःचाच गुडघा फोडाल. शिवाय नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या नियमात येतं. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, पण हे नाक्यावरच्या हवालदाराला पटवत बसायचं का, ते तुम्ही ठरवा.

मेव्हणा अजूनही प्रत्येक लग्नात पंगतीत सांगतो की भावोजींनी दगड घातला म्हणून सुरी तुटली, लाकडानं ठोकायला हवं होतं. लाकडानं ठोकतात हे खरं. दगड मी घातला हेही खरं. पण सुरी धरून "मारा, मारा" कोण म्हणत होतं?