गाडीचा बीसीएम गेलाय म्हणतात, जुन्या बाजारातला आणून बसवला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी सात वर्षांची आहे, कसबा बावड्यात घराबाहेर झाडाखाली उभी असते आणि जुलैपासून तिचं काहीतरी बिनसलंय. वायपर आपोआप फिरतात, रात्री सेंट्रल लॉक खटखट वाजतं, डावा इंडिकेटर कधी लागतो कधी नाही. गॅरेजवाल्यांनी बीसीएम, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, बदलायला सांगितला आणि नव्याचा खर्च ऐकून तुम्ही जुना शोधताय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, १९ वर्षं झाली. आधी सरळ उत्तर देतो. जुना बॉक्स बसवता येतो, पण बहुतेक गाड्यांत नुसता बसवून गाडी चालत नाही. आणि त्याच्याही आधी, गाडीत पाणी कुठून शिरतंय हे सापडल्याशिवाय नवा काय नि जुना काय, कुठलाच बॉक्स बसवू नका.

बीसीएम म्हणजे डॅशबोर्डखालचा काळा डबा. बऱ्याच गाड्यांत तो ड्रायव्हरच्या पायाजवळ, फ्यूजबॉक्सला लागूनच असतो. पूर्वी इंडिकेटरला वेगळा फ्लॅशर असायचा, वायपरला वेगळा रिले. आता तुम्ही स्विच दाबता तेव्हा बीसीएमला फक्त निरोप जातो. दिवा लावायचा, काच खाली घ्यायची, दार लॉक करायचं हे तो ठरवतो. म्हणून तो बिघडला की एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकदम बिघडल्यासारख्या दिसतात. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "गाडीला भूत लागलंय बघा."

पण हीच लक्षणं उतरलेल्या बॅटरीने किंवा गंजलेल्या अर्थिंगनेही (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) दिसतात आणि तिथं फार लोकांचे पैसे वाया जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार. माझ्याकडे बीसीएम बदलायलाच म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या पाना नि पॉलिश पेपर एवढ्यावर परत गेल्यात. म्हणून आधी मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करून तपासून घ्या. स्टार्टर मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे.

मग अर्थिंग. हेडलाइट, मागची काच गरम करणारं बटण, ब्लोअर, सगळं चालू करायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बीसीएमच्या अर्थच्या वायरीवर. तिथं ०.१ व्होल्टच्या वर दिसायला लागलं की वाटेत कुठंतरी गंज आहे. मागच्या पावसाळ्यात एका गाडीत मला ०.९ दिसले होते. पायाजवळचा गालिचा उचलला, तर अर्थचा बोल्ट हिरवागार. घासून, वायरीच्या टोकाला नवीन लग (धातूचं कडं) टाकून, ग्रीस लावून बसवला आणि वायपर आपोआप फिरायचे थांबले.

बाहेरून बसवून घेतलेल्या वस्तूही बघा. एलईडी बल्ब, जादा हॉर्न, अलार्म, रिव्हर्स कॅमेरा यांच्यासाठी कुणी बीसीएमच्या वायरी सोलून जोड दिला असेल तर तो आधी काढा. इंडिकेटरचा साधा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी. बीसीएमला वाटतं बल्ब उडाला, मग तो इंडिकेटर भराभर मारायला लागतो. यात बॉक्सचा काही दोष नसतो.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. 'यू' ने सुरू होणारे कोड म्हणजे गाडीतल्या बीसीएमसारख्या वेगवेगळ्या कंट्रोल डब्यांचं आपापसातलं बोलणं तुटलंय. 'यू०१४०' आला तर बाकीचे डबे म्हणतात, बीसीएमचा आवाजच येत नाही. तेवढ्यावरून तो मेला असं धरू नका. त्याचा सप्लाय किंवा वायर तुटली तरी हाच कोड येतो. बॅटरीची वायर काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. कॅन लाइन म्हणजे हे डबे ज्या दोन वायरींवरून बोलतात ती; तिच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बहुतेक गाड्यांत मिळून ६० दिसतात. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दिसलं तर कुठंतरी शॉर्ट आहे.

आता पाणी. झाडाखालची गाडी आणि कोल्हापूरचा जुलै म्हटल्यावर माझा पहिला संशय तिथंच जातो. पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही कडांना पाणी जायची भोकं असतात. पाल्याने ती भोकं बुजली की पन्हळ तळ्यासारखी भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून किंवा वायरिंगच्या रबरी बुचातून आत उतरतं. कधी एसीचा पाण्याचा पाइप तुंबलेला असतो, कधी काच बदलताना सीलंट नीट लागलेलं नसतं. पाणी थेट डब्यावर पडायलाही लागत नाही. वायरीच्या आतल्या तारांमधून ते वातीसारखं चढतं आणि कनेक्टरमध्ये जाऊन बसतं.

एका गिऱ्हाइकाचे वायपर रात्री करूळ घाटात, भर पावसात बंद पडले. बायको-मुलं गाडीत. गाडी कडेला घेऊन दोन तास बसून राहिले बिचारे. दुसऱ्या दिवशी गगनबावड्याहून माझ्याकडे आले. गालिचा वरून कोरडा होता, खालचा फोम दाबला तर बोटांमधून पाणी निथळलं. बीसीएमचा मोठा कनेक्टर ओढला, तर कोपऱ्यातल्या चार पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, आणि त्यातली एक पिन कनेक्टरमध्येच तुटून राहिलेली. काचेखालची जाळी उघडली तेव्हा ओंजळभर कुजका पाला निघाला. पिन तुटली होती म्हणून तिथं बॉक्स बदलावाच लागला. नुसती पूड असती तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन, वाळवून चालू करता आला असता. बोर्डवरचा रिले चिकटला असेल किंवा सोल्डरचा डाग सुटला असेल तर चांगला बोर्ड रिपेअर करणारा तेही करतो. आणि तुमचा जुना बॉक्स दुरुस्त झाला, तर त्याच्यात गाडीची सगळी माहिती शाबूत राहते. मी हा रस्ता आधी बघायला सांगेन.

बदलायचाच ठरला तर डब्यावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटला वेगळा बॉक्स असू शकतो. धंद्यात नवा होतो तेव्हा मी ही चूक केलीय. आकार तोच, कनेक्टर तेच, म्हणून जुन्या बाजारातला बॉक्स बसवला. स्टार्टर फिरला पण इंजिन पकडेना, डॅशबोर्डवर चावीची खूण लुकलुकत राहिली. त्या गाडीत इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) बीसीएममध्येच होता आणि तो बॉक्स दुसऱ्याच चावीला ओळखत होता. गिऱ्हाइकाचे तीन दिवस गेले, मला आजही त्याचं वाईट वाटतं.

त्यामुळे पैसे देण्याआधी विचारा: हा बॉक्स माझ्या गाडीला कोड करून मिळेल का? कोडिंग म्हणजे नव्या डब्याला गाडीचा १७ अक्षरी चॅसिस नंबर, तिच्यात काय काय बसवलंय त्याची माहिती आणि चाव्या शिकवायच्या. काही कंपन्यांचे वापरलेले बॉक्स पहिल्या गाडीलाच बांधलेले असतात, ते दुसऱ्या गाडीत सहजासहजी कोड होत नाहीत. तुमच्या गाडीतला आधीचा बॉक्स अजून बोलत असेल तर काढायच्या आधी त्याचं कॉन्फिगरेशन स्कॅनरने वाचून ठेवायला सांगा. घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. बऱ्याच गाड्यांत कोडिंगच्या वेळी जी चावी हजर नसते ती बाद होते. गाडी घेताना सिक्युरिटी कोडचं कार्ड मिळालं असेल तर तेही शोधा. नसेल तर अधिकृत डीलर चॅसिस नंबर आणि मालकीचे कागद बघून कोड काढून देऊ शकतो.

डबा काढणं त्या मानाने सोपं आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. डॅशबोर्डखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. बीसीएमचे कनेक्टर लॉक उचलून सरळ ओढायचे, वायरीला धरून नाही. कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा बॉक्स अर्धवट प्रोग्रॅम होऊन बसतो.

काम झालं की प्रत्येक दिवा, चारही काचा, सगळी लॉक, दोन्ही चाव्या तिथंच उभं राहून तपासा. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीतून जाणारा करंट मोजायला सांगा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एखादा डबा झोपत नाहीये आणि काही दिवसांत बॅटरी उतरू शकते. गाडीतून काढलेला बॉक्स परत मागून घ्या.

एवढं होईपर्यंत गालिचा बसवू देऊ नका. वायपरची जाळी साफ करून काचेवर दोन-तीन बादल्या पाणी हळूहळू ओतायला लावा आणि तुम्ही आत बसून डॅशबोर्डखाली, दोन्ही बाजूंना, हात फिरवून बघा. हात कोरडा आला तरच गालिचा बसवा.