लॉजच्या खोलीत छुपा कॅमेरा आहे का, हे सामान्य माणसाने कसे तपासावे?

आपण विचारले आहे की नवरात्रात तुळजापूर आणि माहूरला दर्शनासाठी जायचे आहे, भक्तनिवासात खोली मिळाली नाही तर एखाद्या लॉजवर मुक्काम करावा लागेल, सोबत पत्नी व दोन मोठ्या मुली आहेत, तेव्हा मोबाइलमध्ये एखादे ॲप घेऊन खोलीतील छुपा कॅमेरा शोधता येईल का. मी लातूरला सीसीटीव्ही बसवण्याचा व्यवसाय करतो आणि दुकाने, शाळा, मंगल कार्यालये व लॉज या सर्व ठिकाणी माझे काम चालते. त्या अनुभवावरून प्रथम एवढेच सांगतो की ॲपच्या भरवशावर राहू नका. ॲपपेक्षा आपले डोळे, एक टॉर्च आणि थोडी सवड यांचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

कोणत्याही जागी कॅमेरा बसवायला गेलो की आम्ही दोन गोष्टी पाहतो. अँगल कुठून मिळेल आणि लाइन कुठून घेता येईल? वाईट हेतूने कॅमेरा लपवणाऱ्यालाही या दोन्ही प्रश्नांतून सुटका नसते. त्याला पलंग किंवा न्हाणीघरातील अंघोळीची जागा स्पष्ट दिसली पाहिजे आणि कॅमेरा तासन्‌तास चालण्यासाठी वीज मिळाली पाहिजे. म्हणून खोलीत शिरताच कानाकोपरे उचकत बसण्याऐवजी पलंगावर बसा आणि तेथून कोणकोणत्या वस्तूंचे तोंड आपल्याकडे आहे, ते शांतपणे पाहा. मग न्हाणीघरात अंघोळ करताना जेथे उभे राहतो तेथे उभे राहून पुन्हा हेच करा. जी वस्तू आपल्याला दिसत नाही तिच्या आतील कॅमेऱ्यालाही आपण दिसत नाही. त्यामुळे पलंगाखाली, कपाटामागे किंवा गादीखाली शोधण्यात वेळ घालवू नये. या एका कृतीने तपासायच्या वस्तूंची यादी आठ-दहावर येते.

आता त्या वस्तूंपैकी विजेला जोडलेल्या कोणत्या, ते पाहा. टीव्ही आणि त्याखालचा सेट-टॉप बॉक्स, भिंतीवरचे घड्याळ, नाइट लॅम्प, बल्बचा होल्डर, छतावरचा धूरसूचक, एक्स्टेंशन बोर्ड, न्हाणीघरातील गिझर आणि एक्झॉस्ट फॅन या नेहमीच्या जागा आहेत. घड्याळ सेलवर चालत असेल आणि तरीही त्याच्या मागून बारीक वायर भिंतीत जात असेल, तर ते उतरवून पाहण्यास कारण आहे. छताला एकच धूरसूचक असून तो खोलीच्या मध्यावर नसून नेमका पलंगाच्या पायथ्याशी तिरका बसवलेला असेल, किंवा एवढ्याशा खोलीत दोन असतील, तरीही शंका घ्यावी. निव्वळ बॅटरीवर चालणारे लहान कॅमेरे असतात, परंतु ते बहुधा काही तासांतच बंद पडतात आणि कोणाला तरी पुन्हा पुन्हा येऊन चार्ज करावे लागतात. म्हणून कायमस्वरूपी लावलेला कॅमेरा बहुतेक वेळा विजेच्या जवळपासच सापडतो.

यांपैकी एका वस्तूकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, ती म्हणजे सॉकेटमध्ये आधीपासून खोचून ठेवलेला मोबाइलचा चार्जर. असे चार्जर-कॅमेरे ऑनलाइन सहज मिळतात. दिसायला तो चौकोनी, पांढरा किंवा काळा, अगदी साधा अडॅप्टर असतो, आणि त्याने मोबाइल खरोखरच चार्जही होतो. फरक असतो तो समोरच्या बाजूला; यूएसबीच्या खाचेच्या वर किंवा खाली मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे एक गोल काळे छिद्र असते, अनेकदा चकचकीत काळ्या पट्टीमागे लपवलेले. बाजूला किंवा खालच्या कडेला मेमरी कार्डाची बारीक फट असते आणि तिच्याजवळ टाचणीने दाबायचे एक लहान बटण. साध्या चार्जरला कार्डाच्या खाचेचे काही काम नसते. गिऱ्हाईक विसरून गेले असेल असे समजून आपण अशा वस्तूकडे पाहतही नाही, उलट सोय झाली म्हणून वापरतो. पलंगासमोर असा चार्जर दिसला तर तो काढून टेबलाच्या खणात ठेवावा, आणि त्यावर छिद्र दिसले तर मात्र हात न लावता पुढे सांगितल्याप्रमाणे करावे.

हे सारे कल्पनेतले नाही. मार्च २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी उघड केलेल्या एका प्रकरणात १० शहरांतील ३० मुक्कामाच्या ठिकाणी ४२ खोल्यांत कॅमेरे लपवून सुमारे १,६०० पाहुण्यांचे चित्रण इंटरनेटवर थेट दाखवले गेले होते. ते कॅमेरे होते टीव्हीच्या बॉक्समध्ये, भिंतीतील सॉकेटमध्ये आणि हेअर ड्रायरच्या स्टँडमध्ये, म्हणजे पुन्हा विजेच्या जवळच.

यानंतर टॉर्च. खोलीतील सर्व दिवे बंद करा, पडदे ओढून घ्या आणि मोबाइलची टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, गालाजवळ धरा. टॉर्च हात लांब करून धरली तर उपयोग होत नाही, कारण लेन्सवरून परतणारा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने माघारी जातो आणि तो पाहण्यासाठी आपला डोळा त्या रेषेत असावा लागतो. मग संशयित वस्तूंवर हळूहळू, दोन-तीन हातांच्या अंतरावरून प्रकाश टाका आणि डोके किंचित इकडेतिकडे हलवा. लेन्स असेल तर छिद्राच्या आत खोलवर एक लहानसा ठिपका चमकतो, बहुधा निळसर किंवा जांभळट झाक असलेला. स्क्रूचे डोके, काचेचा तुकडा, प्लास्टिकची कडा याही चमकतात, पण ती चमक पृष्ठभागावर असते आणि डोके हलवले की सरकते किंवा नाहीशी होते. लेन्सचा ठिपका छिद्राच्या आतच टिकून राहतो. टीव्ही आणि एसीवर रिमोटचा संकेत घेण्यासाठी एक गडद काळी खिडकी असते, ती पाहून घाबरू नये.

अंधारातच दुसरी चाचणी करून घ्यावी. रात्री चित्रण करणारे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश सोडतात, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा दिसतो. मागचा मुख्य कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरावा. तो चालतो की नाही हे आधी टीव्हीच्या रिमोटवर पाहून घ्या. रिमोटचे टोक सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले आणि पडद्यावर पांढरट-जांभळा ठिपका लुकलुकला, तर आपला मोबाइल या कामाचा आहे. मग तोच कॅमेरा चालू ठेवून अंधाऱ्या खोलीत सगळीकडे फिरवा. कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे (एलईडी) ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतील तर नुसत्या डोळ्यांनाही मंद लाल ठिपके जाणवतात; ९४० नॅनोमीटरचे मात्र अजिबात दिसत नाहीत, तेथे मोबाइलच उपयोगी पडतो. मुलींनाही हा रिमोटचा प्रयोग करायला सांगावा. आज ना उद्या शिक्षणासाठी त्या लातूर, संभाजीनगर किंवा पुण्याच्या वसतिगृहात राहतील, तेव्हा ही माहिती त्यांच्याजवळ असलेली बरी, आणि स्वतःच्या हाताने तपासले की भीतीही कमी होते.

लपवण्याजोग्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड नसतेच, त्यामुळे या चाचणीत काही दिसले नाही म्हणजे खोली निर्धोक आहे, असा अर्थ काढू नये. पण ज्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड नाही तो काळोखात आंधळा असतो. म्हणून तपासणी कितीही केली असली तरी कपडे दिवा बंद करून बदलावेत. मनात थोडीही शंका असेल तर माझा पहिला सल्ला हाच आहे.

आरशाविषयी लोक नखाची चाचणी सांगतात. नख आणि त्याचे प्रतिबिंब यांत अंतर दिसले तर आरसा चांगला, नाही तर पलीकडून दिसणारा. ही चाचणी खात्रीची नाही, कारण अंतर आहे की नाही ते आरशाचा लेप काचेच्या पुढच्या बाजूस आहे की मागच्या, यावर अवलंबून असते. आपल्याकडच्या लॉजमध्ये आरसा बहुधा खिळ्याला टांगलेला असतो. तो उचलून मागे भिंत आहे ना ते पाहावे. भिंतीत बसवलेला असेल तर अंधार करून टॉर्च काचेला अगदी टेकवावी, दोन्ही हातांच्या ओंजळीने डोळ्यांभोवती आडोसा करून आत डोकावावे. मागे पोकळी असेल तर ती दिसते.

आता ॲपबद्दल. काही ॲप मोबाइलमधील चुंबकीय सेन्सर वापरतात आणि लोखंडाचा खिळा, स्पीकर, टीव्ही यांजवळही तितक्याच जोरात वाजतात. त्यांचा काहीच उपयोग नाही. वायफायवरील उपकरणांची यादी दाखवणारी ॲप थोडी बरी, परंतु ती फक्त आपण ज्या नेटवर्कवर आहोत त्यावरचीच उपकरणे दाखवतात, आणि पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवलेले असेल तर तेही दाखवत नाहीत. मेमरी कार्डावर चित्रण करणारा किंवा स्वतःचे सिम असलेला कॅमेरा त्यात येणारच नाही. एक गोष्ट मात्र कोणतेही ॲप न घेता पाहावी. मोबाइलच्या वायफायच्या यादीत अक्षरे आणि आकडे यांचे लांबलचक, निरर्थक नाव पूर्ण सिग्नलने दिसत असेल आणि खोलीबाहेर दूर गेल्यावर तो सिग्नल झपाट्याने कमी होत असेल, तर लक्ष द्यावे; काही लहान कॅमेरे स्वतःचेच वायफाय सोडतात. बाजारातले स्वस्त डिटेक्टर शेजारच्या खोलीतल्या मोबाइललाही वाजतात आणि कार्डावर चालणाऱ्या कॅमेऱ्याजवळ गप्प राहतात, त्यावर पैसे घालू नयेत.

स्वागतकक्ष, जिना, बोळ आणि वाहनतळ येथील उघडे कॅमेरे सुरक्षेसाठी असतात आणि असावेतही. बोळातल्या कॅमेऱ्याचा अँगल दार उघडल्यावर थेट पलंगावर जात असेल तर मात्र खोली बदलून मागावी. वेरूळ-अजिंठ्याकडे जाणारे अनेक जण हल्ली घरगुती मुक्काम ऑनलाइन घेतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की घरे मुक्कामाला देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतील भागात कॅमेरा ठेवण्यास पूर्ण मनाई केली आहे, पाहुण्याला आधी कळवले असले तरी.

आपण विचारलेले नाही, पण जीव तुटतो म्हणून लिहितो. लॉजपेक्षा मला मंगल कार्यालयातील वधूपक्षाच्या खोलीची आणि यात्रेतल्या सामाईक न्हाणीघरांची अधिक काळजी वाटते. तेथे दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा असते, कपाटावर बॅगांचे ढीग असतात, आणि त्या ढिगात चार्जिंगला लावलेला, कॅमेरा चालू असलेला एखादा मोबाइल उभा करून ठेवणे कोणालाही शक्य असते. अशा ठिकाणी बायकांनी कपडे बदलण्यापूर्वी खोलीतील सर्व मोबाइल पालथे करून एका जागी ठेवायला लावावेत आणि न्हाणीघराच्या झरोक्याला टॉवेल बांधावा. ज्या घरचे कार्य आहे त्यांनी एका जाणत्या बाईवर ही जबाबदारी सोपवली तर कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही.

खोलीत कॅमेरा सापडलाच, तर तो उपटू नका, त्यातील कार्ड काढू नका आणि पहिल्यांदा मॅनेजरला बोलावू नका. मॅनेजर निर्दोष असला तरी तेवढ्या वेळात पुरावा नाहीसा होऊ शकतो. कॅमेरा जागेवर असतानाच त्याचे फोटो घ्या, दारावरील खोली क्रमांकापासून कॅमेऱ्यापर्यंत एक सलग व्हिडिओ घ्या, मग वस्तू न हलवता त्यावर टॉवेल टाका आणि ११२ वर फोन करा. पोलीस येईपर्यंत घरातील एक जण दारात थांबावा. खोलीची पावती आणि बुकिंगचा संदेश जपून ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे. स्त्रीचे खासगी कृत्य चोरून पाहणे किंवा चित्रित करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे आणि पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कारावास व दंड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होते आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. खोली आमची आहे, आम्ही काहीही लावू, असे कोणी म्हणाले तर त्याला जुमानू नका. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आहे. गावी परतल्यानंतर काही उघडकीस आले तरी पुन्हा तुळजापूरला हेलपाटा घालण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. अशी तक्रार पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग होते.

चित्रण इंटरनेटवर गेल्याचे कळले किंवा त्यावरून कोणी पैसे मागू लागले, तर पैसे देऊ नका आणि धमकीचे संदेश पुसूही नका. त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व मुले यांच्याविषयीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते, आणि १९३० या क्रमांकावर फोन करता येतो. मुलीने असे काही घरी सांगितले तर तू त्या खोलीत का थांबलीस हा प्रश्न तिला कोणीही विचारू नये. त्या वेळी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाणारे माणूस तिला हवे असते.