वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये करिअर? आधी जोडीदार शोधा

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. शाळेकडून व्हॉलीबॉल खेळत ती विभागापर्यंत गेली होती. दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर बीच व्हॉलीबॉलच्या सामन्यांत उतरली आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. उंची पाच फूट चार इंच. तिचे बाबा म्हणतात, खेळून पोट भरत नाही, बारावीनंतर नर्सिंगला घालू. टीव्हीवर या खेळाचे कपडे दिसले की घरात वाद होतो, तो वेगळाच. आम्ही काय करावं?
– एक आई

ताई, नमस्कार.

लेकीला खेळू द्या, सायन्सही चालू ठेवा आणि हॉलमधला, सहा जणींचा व्हॉलीबॉल मुळीच सुटू देऊ नका. निव्वळ बीच व्हॉलीबॉलवर आज आपल्या देशात घर चालत नाही, हे तिच्या बाबांचं म्हणणं खरं आहे. पण म्हणून खेळच बंद करायचा, हे मला पटत नाही.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ साली अटलांटाला आला. भारताची एकही जोडी अजून तिथवर पोचलेली नाही. देशात मात्र हालचाल सुरू झाली आहे. २०२२च्या गुजरातमधल्या आणि २०२३च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत बीच व्हॉलीबॉल होता. मे २०२५ मध्ये दीवला पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या, तिथेही तो पदकांचा खेळ होता. या दीवच्या स्पर्धांची एक गोष्ट कोकणातल्या प्रत्येक पालकाने लक्षात घ्यावी. सगळे खेळ मिळून पदकतालिकेत पहिलं आलं मणिपूर. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये दीवलाच वेगळ्या बीच गेम्स झाल्या, तेव्हा पहिला होता मध्य प्रदेश. दोन्ही राज्यांना समुद्र नाही! पुरुषांच्या बीच व्हॉलीबॉलची गेली दोन ऑलिंपिक सुवर्णपदकंही नॉर्वे आणि स्वीडनने नेली. तिथे हिवाळाभर बंद हॉलमध्ये वाळू पसरून सराव चालतो. दाराशी समुद्र आहे म्हणून आपली पोरं आपोआप पुढे जातील, या भ्रमात राहू नका.

वाळूचंच घ्या. आपल्याकडे मुलं ओहोटीच्या ओल्या, घट्ट पुळणीवर खेळतात, कारण तिथे पळायला सोपं जातं. स्पर्धेत मात्र निदान चाळीस सेंटीमीटर खोल, मोकळी, कोरडी वाळू असते. तिथे उडी कमी भरते आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. तेव्हा सराव भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनाकडच्या कोरड्या वाळूत करायला सांगा. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, पण तिथवर पाणी येत नाही, म्हणून सराव मोडण्याचंही कारण उरत नाही. सकाळी मतलई वारा, दुपारनंतर खारा वारा. दोन्हींत सर्व्हिस करून बघू दे, आणि नेटच्या दोन्ही बाजूंनी. सामन्यात दर सात गुणांनी बाजू बदलते, म्हणजे वारा कधी तोंडावर, कधी पाठीवर. रात्री मोठे दिवे लावून मात्र खेळू नका. गुहागरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, उजेडाने ती बुजतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुमच्या पत्रात लेकीबद्दल सगळं आहे, पण ती कोणाबरोबर खेळते याबद्दल एक ओळही नाही. या खेळात बदली खेळाडू नसतो. हॉलमध्ये नऊ बाय नऊ मीटरची आपली बाजू सहा जणी सांभाळतात, इथे आठ बाय आठ मीटर दोघींनी. एकीचा घोटा मुरगळला आणि ती उभी राहू शकली नाही, तर दोघी स्पर्धेबाहेर. समोरची जोडी पहिल्या पाच मिनिटांत कच्ची कोण ते हेरते आणि मग सगळ्या सर्व्हिस तिच्याच अंगावर टाकते. लपायला जागा नाही. अशा वेळी दुसरीने तोंड वाकडं केलं, तर सामना तिथेच जातो. म्हणून चांगली खेळणारी मुलगी एवढंच बघून जोडी ठरवू नका. हरल्यावर ती कशी बोलते, हेही बघा. तुमच्या मुलीची उंची मागे राहून बॉल उचलणारीला चालण्यासारखी आहे, पण जोडीला नेटवर ब्लॉक करणारी, म्हणजे हात वर करून समोरचा फटका अडवणारी, तिच्यापेक्षा उंच मुलगी हवी. ती शक्यतो एकाच एसटीच्या रस्त्यावरची, मागेपुढे एखाद्या वर्षाची असावी. आणि तिच्या आईवडिलांशी तुम्ही स्वतः जाऊन बोला. क्लास, परीक्षा, प्रवासखर्च या गोष्टी दोन्ही घरांना मान्य नसतील, तर जोडी वर्षभर टिकत नाही.

कपड्यांचा वाद आजच मिटवा. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या दोआ एल्घोबाशीने हिजाब, लांब बाह्या आणि पायभर कपडे घालून सामने खेळले. आंतरराष्ट्रीय नियमांतच ती सोय आहे. काय घालायचं ते मुलीला ठरवू द्या. आपल्या उन्हात लांब बाह्या सोयीच्याच पडतील.

नोकरीचं म्हणाल, तर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कुठल्या स्पर्धेतलं कितवं स्थान कुठल्या पदाला चालतं, हे शासन निर्णयाने ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभाग करतो. गावच्या मंडळाच्या स्पर्धेतली ढाल आणि रोख बक्षीस तिथे उपयोगी पडत नाही. रेल्वे आणि सैन्यदलांत व्हॉलीबॉलपटूंची भरती होते, ती प्रामुख्याने हॉलमधल्या खेळावर. सहा जणींचा खेळ सोडू नका म्हटलं, ते याचसाठी. आपलं हवामानही सोयीचं आहे. पावसाळ्यात किनारा बंद, तेव्हा शालेय स्पर्धांची तयारी. तिथे विभागात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या तयारीच्या मुली समोर येतात, त्यांच्याशी खेळून ती पक्की होईल. मग नोव्हेंबर ते मे वाळू. एक सवय मात्र वेगळी ठेवायला लागेल : नेटपलीकडे बोटांनी हळूच टाकलेला बॉल, म्हणजे टिप, वाळूवर चालत नाही, तिथे बॉल बोटांच्या पेरांनी किंवा मुठीने टाकतात. आणि ब्लॉक करताना बॉलला झालेला स्पर्शही आपल्या बाजूच्या तीन स्पर्शांत धरला जातो.

नर्सिंगबद्दल तिच्या बाबांना एवढंच सांगा, की तो अभ्यासक्रम चांगला आहे, पण वर्ग आणि हॉस्पिटलमधली ड्यूटी यांत सरावाला वेळ उरत नाही. त्याचा निर्णय आज नको. बायोलॉजी असू द्या, म्हणजे ती वाट खुली राहील. बारावीपर्यंत राज्य पातळीवर निवड झाली, तर व्हॉलीबॉलचा चांगला संघ असलेल्या महाविद्यालयात पदवीला घाला. पुढे शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. ही पदवी आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका आहे. कोकणच्या शाळांना वाळूवर शिकवू शकणारे प्रशिक्षक हवे आहेत, हे मी मनापासून सांगते. निवड झालीच नाही, तर नर्सिंगला जाऊ द्या, आणि रविवारी खेळू द्या.

या महिन्यात दोन कामं करा. रत्नागिरीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन, राज्याची बीच व्हॉलीबॉल निवड चाचणी कधी आणि कोण घेतं ते विचारा, आणि ती स्पर्धा आरक्षणाला धरतात का, हेही तिथेच विचारून घ्या. आणि आत्तापर्यंतची सगळी प्रमाणपत्रं काढून, त्यांवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का ते तपासा. चूक असेल तर शाळेकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या. चार वर्षांनी पडताळणीच्या वेळी ते फार जड जातं.