वाचकांचे प्रश्न : स्कूबासाठी कमरेला शिसे किती बांधावे?

प्रश्न : वडोदऱ्यात तरणतलावात स्कूबाचे प्राथमिक धडे घेताना मला २ किलो शिसे पुरत असे. पुढे अंदमानात स्वराज द्वीपला ३ मिलिमीटरचा वेटसूट (पाण्यातील गारठ्यापासून बचावणारा रबरी पोशाख) घालून ४ किलो बांधले. बुडी चांगली साधली; परंतु परतताना सुरक्षेसाठी ५ मीटर खोलीवर थांबायचे असता शरीर आपोआप वर उचलले जाऊ लागले. आता जानेवारीत इजिप्तला लाल समुद्रात जायचे आहे. तेथे किती वजन घ्यावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या अनुभवातच उत्तराचा बराच भाग आहे. पाण्यात उतरताना वजन पुरेसे वाटते, कारण तेव्हा सिलिंडर भरलेला असतो. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा सुमारे २.६ किलो वजनाची असते आणि ५० बार उरेपर्यंत त्यांतील जवळजवळ २ किलो आपण श्वासावाटे खर्चून टाकलेली असते. म्हणून शिशाचा हिशेब सुरुवातीचा नव्हे, शेवटचा धरावा: ५० बार हवा उरलेली असताना, जॅकेट (हवा भरून किंवा सोडून तरंगणे सांभाळण्याचे) पूर्ण रिकामे करून, ५ मीटरवर स्थिर राहता आले पाहिजे.

तलाव आणि समुद्र यांतील फरक आर्किमिडीजच्या तत्त्वाने सहज काढता येतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे सर्व सामानासह आपले वजन १०० किलो भरत असेल, तर समुद्रात सुमारे अडीच किलो शिसे वाढवावे लागते. त्यात वेटसूटची भर पडते. आपण अंदमानात दोनच किलो वाढवले, तेव्हा वर उचलले जाण्यात नवल नाही. लाल समुद्राची क्षारता हजारी ४० च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या ३५ हून अधिक आहे. पण त्यामुळे पडणारा फरक अर्ध्या किलोच्या आतला आहे. खरा फरक वेटसूटचा पडेल. जानेवारीत तेथील उत्तर भागाचे पाणी २१-२२ अंशांवर येते आणि बहुतेक लोक ५ मिलिमीटरचा सूट घालतात. निओप्रीनमधील, म्हणजे सुटाच्या रबरासारख्या कापडातील, वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे त्यासाठी आणखी सुमारे २ किलो लागू शकतात. भाड्याचा जुना सूट मात्र वापराने चेपलेला असतो आणि कमी तरंगतो, त्यामुळे हा आकडा केवळ प्रारंभासाठी आहे.

पक्के उत्तर पाण्यातच मिळेल. वेटसूट आधी चांगला भिजू द्यावा, कारण कोरड्या सुटात अडकलेली हवा फसवते. मग सुरक्षित जागी पाण्याच्या पृष्ठभागावर उभ्या स्थितीत रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वासाला देणारे साधन) तोंडात ठेवून जॅकेट रिकामे करावे व नेहमीइतका श्वास घेऊन क्षणभर रोखावा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आले आणि श्वास सोडताच शरीर हळूहळू खाली गेले, तर वजन योग्य आहे. ही चाचणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल, तर खर्च होणाऱ्या हवेसाठी सुमारे २ किलो वाढवावेत. येथे एक गफलत फार होते: नकळत पाय हलत राहतात आणि वजन कमी असल्याचा भास होतो. घोटे एकमेकांवर ठेवल्यास हे टळते.

भीतीपोटी सरसकट जादा शिसे बांधणे मला पटत नाही. ते झेलण्यासाठी जॅकेटमध्ये अधिक हवा भरावी लागते, आणि बॉइलच्या नियमानुसार तीच हवा वर येताना फुगते: १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत दुप्पट. त्यामुळे वर येण्याचा वेग हाताबाहेर जाण्याची शक्यता उलट वाढते.

प्रश्न : शरीराच्या वजनाच्या दहा टक्के शिसे, हा नियम बरोबर आहे का?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : पहिल्या अंदाजापुरता. चरबी तरंगते, स्नायू बुडतात. म्हणून ८० किलोच्या दोन माणसांची गरज बरीच वेगळी असू शकते. सिलिंडर पोलादी असल्यास, तो रिकामा होतानाही अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरासारखा तरंगू लागत नाही, म्हणून साधारणतः दोन-एक किलो शिसे कमी लागते. प्रत्येक बुडीनंतर वहीत सूटची जाडी, सिलिंडरचा धातू, पाणी गोडे की खारे आणि शिसे यांची नोंद करावी. पुढच्या ठिकाणी प्रशिक्षकाला तीच दाखवावी.