ब्रायडलवेवर कुलूप दिसलं तर काय करायचं: रिजवेच्या वाटांबद्दल थोडं सविस्तर

दक्षिण इंग्लंडमधल्या रिजवे या टेकड्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या जुन्या वाटेवर तुम्ही सायकलची सहल आखली. नकाशात ब्रायडलवे (चालणारे, घोडेस्वार आणि सायकल यांच्या हक्काची वाट), जागेवर गेलं की फाटकाला कुलूप आणि वर काटेरी तार. शेतमालक म्हणतो, "ही वाट फक्त चालणाऱ्यांची." आणि कौन्सिलकडून (स्थानिक प्रशासनाकडून) उत्तर काय, तर तक्रारीची नोंद घेतली आहे. तुमच्या पोस्टमधलं हे सगळं वाचलं आणि माझंच जुनं दुखणं पुन्हा समोर आलं. म्हणून जरा लांबण लावतो. सायकल कोणती घ्यावी, जीपीएक्स (मार्गाची फाइल) कशी भरावी हे तुम्हाला येतंय असं पोस्टवरून दिसतं, ते सोडून देतो.

तुम्ही विचारलंय, सायकलमार्ग दाखवणारं ॲप खरं की शेतमालक? माझ्या मते दोघांचंही म्हणणं बाजूला ठेवा. ॲपवरची जाड रेघ एवढंच सांगते की तिथून बरेच सायकलवाले गेले. त्यांना जायचा हक्क होता की नाही, हे त्या रेघेला ठाऊक नसतं. हक्क ठरतो तो डेफिनिटिव्ह मॅपवर, म्हणजे वाटांच्या अधिकृत कायदेशीर नकाशावर. तो त्या भागाच्या कौन्टी किंवा युनिटरी कौन्सिलकडे असतो, आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशांवरच्या हिरव्या तुटक रेघा त्याच्यावरूनच घेतलेल्या असतात. नकाशासोबत एक लेखी स्टेटमेंटही असतं. ते सहसा कोणी मागत नाही. तुम्ही मात्र मागाच. वाट कुठून कुठे जाते आणि बऱ्याच ठिकाणी रुंदी किती, फाटक कुठे आहे, हे त्यात लिहिलेलं असतं.

इंग्लंडमध्ये रस्ता कसा आहे यावरून काहीच ठरत नाही, हे आपल्या लोकांना पचायला वेळ लागतो. छान रुंद, खडीचा, रिकामा रस्ता दिसतो, पण तो फुटपाथ (इथे अर्थ फक्त चालणाऱ्यांची वाट) म्हणून नोंदलेला असेल तर तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. उलट गुडघाभर गवतातून जाणारी अंधूक रेघ ब्रायडलवे असेल तर १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलला तिथे हक्क दिलेला आहे. अट एवढीच की चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. खांबावरचे बाण बघायची सवय लावा: पिवळा फुटपाथचा, निळा ब्रायडलवेचा, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवेचा (मोटारींना बंद वाट), लाल सगळ्या वाहनांना खुल्या बायवेचा. पिवळा सोडून बाकी तिन्हींवर सायकल चालते. (स्कॉटलंडचा कायदा पूर्ण वेगळा आहे, तिथले सल्ले इथे लावू नका.)

अजून एक. ब्रायडलवे चालू असतो आणि ऐन शेतात फुटपाथ होऊन बसतो, असं दिसलं तर तिथे पॅरिशची (गावपातळीवरच्या विभागाची) हद्द आहे का ते बघा. १९४९ च्या कायद्यानंतर या वाटांची पाहणी पॅरिशनिहाय झाली. एका गावाने जी घोड्याची वाट म्हणून लिहिली तीच शेजारच्या गावाने पायवाट म्हणून लिहिली, आणि ती विसंगती आजही नकाशात तशीच आहे. तुमच्या जागी हे झालं असेल तर शेतमालक कायद्याने बरोबर आहे आणि तुमचा मार्ग लांबचा आहे: जुने एन्क्लोजर अवॉर्ड (सामाईक जमिनी वाटून कुंपणं घातल्याचे दस्त), टाइथ मॅप (चर्चच्या दशमांश कराचे नकाशे), १९१० च्या फायनान्स ॲक्टचे जमीन-कराचे नकाशे शोधून नोंद बदलण्याचा अर्ज करायचा. त्यावर कौन्सिलने बारा महिन्यांत निर्णय दिला नाही तर वर दाद मागता येते. पण तुम्ही टाकलेल्या फोटोत फाटकाच्या खांबावर निळ्या बाणाचा अर्धा तुकडा दिसतोय. मला वाटतं तुमचं प्रकरण माझ्यासारखंच आहे: हक्क नोंदलेला आहे, वाट अडवलेली आहे.

आता कौन्सिलच्या त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, कौन्टीही सांगत नाही. डाउन्सवरून, म्हणजे इथल्या खडूच्या टेकड्यांवरून, खाली गावात उतरणारी माझी वाट अशीच कुलूपबंद होती. मी साधी, नम्र ईमेल लिहिली, फोटो जोडले, ग्रिड रेफरन्स (नकाशावरचा त्या जागेचा आकडा) दिला. आधी आपोआप येणारं उत्तर आलं. मग कळलं की प्राधान्यक्रमात ही वाट खाली आहे. मग तो अधिकारी बदलला आणि तक्रारीला नवा क्रमांक मिळाला, म्हणजे सगळं पहिल्यापासून. नव्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं की ही वाट ब्रायडलवे आहे याचा नकाशा तुमच्याकडे आहे का. त्यांच्याच कार्यालयात ठेवलेला नकाशा मी त्यांना पाठवायचा! मी तोही पाठवला. मग उत्तर आलं की मालकाशी "अनौपचारिक बोलणी" चालू आहेत. त्या बोलण्यांत चॉकवरचा (खडूच्या जमिनीवरचा) अख्खा कोरडा हंगाम गेला. सुट्टीत नाशिकहून आलेल्या भाच्याला ती वाट दाखवायची होती, ते राहिलं. त्याऐवजी त्याला भरधाव गाड्यांच्या ए रोडवरून (मुख्य रस्त्यावरून) न्यावं लागलं. ट्रक अंगाला चाटून जाताना त्याचा चेहरा बघून मला त्या कार्यालयाचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. वाट बंद राहिली की माणसं घरी बसत नाहीत, ती धोक्याच्या रस्त्यावर जातात. ही साधी गोष्ट त्या खुर्चीतून दिसायला हवी होती.

गावाकडे पाणंद रस्ता कोणी बांध घालून अडवला की आपण काय करतो? नुसती विनंती करत बसत नाही, १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टखाली तहसीलदाराकडे अर्ज टाकतो. इथेही तसंच कलम आहे, आणि मला ते एका घोडेस्वार बाईंनी सांगितलं. १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम १३०ए. कोणालाही या कलमाखाली हायवे ऑथॉरिटीला (म्हणजे त्याच कौन्सिलला) नोटीस देता येते की अमुक वाट अमुक गोष्टीने अडली आहे, ती मोकळी करा. नोटीस ठरलेल्या नमुन्यात हवी. त्यानंतर एका महिन्याच्या आत काय करणार ते त्यांना लेखी कळवावं लागतं, आणि वाट मोकळी झालीच नाही तर पुढे मॅजिस्ट्रेट कोर्टात जाता येतं. माझ्या नोटिशीनंतर कुलूप निघालं. इतके महिने जे "गुंतागुंतीचं" होतं ते कुलूपच होतं.

मी वकील नाही, हे लक्षात ठेवून वाचा. शिवाय ही नोटीस सगळ्या अडथळ्यांना चालत नाही. फाटक, तार, टाकलेला ढिगारा यांना चालते. शेत नांगरलंय म्हणून वाट दिसत नाही, हा वेगळा मामला आहे. शेताच्या मधून जाणारा ब्रायडलवे नांगरायला परवानगी असते, पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत तो पुन्हा नीट करून द्यावा लागतो, तोही किमान दोन मीटर रुंद. तेव्हा तारखेसकट फोटो काढा.

कुंपणावरून सायकल उचलून पलीकडे जावं का, हेही तुम्ही विचारलंय. कायदा काय म्हणतो यावर लोक वाद घालतील, पण माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. मालकाशी भांडूही नका. फोटो, तारीख, ग्रिड रेफरन्स घ्या आणि परत फिरा.

आता तुमच्या मूळ आखणीबद्दल. ओव्हरटन हिल ते स्ट्रीटली हा पश्चिमेकडचा रिजवे, सुमारे ७० किलोमीटर, निवांत करा. एव्हबरीचं दगडी वर्तुळ, बार्बरी कॅसल या प्राचीन गढीचा तट, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची वेलँड्स स्मिथीची समाधी आणि तिथून जवळच टेकडीवर खडूत कोरलेला अफिंग्टनचा पांढरा घोडा, हे सगळं त्याच कण्यावर आहे. १८ व्या शतकात एन्क्लोजर व्हायच्या आधी इथे एकच अशी वाट नव्हती, पावसापाण्याप्रमाणे सरकणाऱ्या अनेक वाटा होत्या. बांध आणि कुंपणं आली तेव्हा आजची रेघ पक्की झाली. मला तरी चालवताना हे आठवतं आणि प्रत्येक बांधाकडे नीट बघावंसं वाटतं.

पण स्ट्रीटलीच्या पुढे, थेम्स ओलांडून आयव्हिंगो बीकनपर्यंत तुम्ही जी निळी रेघ ओढली आहे ती तशी चालणार नाही. पूर्वेकडचा रिजवे बराचसा फुटपाथ आहे, ग्रिम्स डिच या जुन्या बांध-खंदकाचा तुकडा तर नक्कीच. रिजवे नॅशनल ट्रेल (राष्ट्रीय लांब पल्ल्याची वाट) आहे खरी, पण नॅशनल ट्रेल म्हटलं म्हणजे सायकलला मोकळीक, असं नसतं. त्या बाजूला जायचंच असेल तर स्ट्रीटलीच्या समोर नदीपलीकडच्या गोरिंगहून स्वान्स वे घ्या, ती घोड्यांसाठी आखलेली वाट आहे. लांबचं काही हवं असेल तर विंचेस्टरहून सुरू होऊन तिथेच संपणारा, २०२० साली सुरू झालेला ३५० किलोमीटरचा किंग आल्फ्रेड्स वे आहे. तो सायकलसाठीच आखलेला असल्याने हक्काचा घोळ कमी.

टायर ४० मिलिमीटरच्या खाली नको, ट्यूबलेस असेल तर उत्तम, कारण फ्लिंटचे धारदार दगड टायरची बाजू कापतात. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर ओल्या चॉकवर चाक धरत नाही, दुसरा दिवस निवडा. वर पाण्याचे नळ फार लांब लांब आहेत, दोन बाटल्या भरूनच चढा. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, कुठल्याही एनर्जी बारपेक्षा पोटाला बरी. लँबोर्नच्या वर सकाळी शर्यतीचे घोडे सरावाला असतात, तिथे लांबूनच आवाज द्या, वेग पार कमी करा, मागून गपचूप जाऊ नका.

आधी स्टेटमेंटची प्रत मागवा. त्यात तुमचा तुकडा ब्रायडलवे निघाला तर ग्रिड रेफरन्स आणि फोटो मला मेसेजमध्ये पाठवा, माझ्या नोटिशीचा मसुदा तुमच्या जागेला बसेल असा करून देतो.