पलंगाखालचा वजनकाटा

प्रिय पोरी,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज मी सकाळी दळण आणायला निघाले तेव्हा पाहिला. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करतेस. सातवीतही तसंच करायचीस आणि मग गणित चुकवायचीस. म्हणून लिहिते.

वजन उतरवायच्या ऑपरेशनआधी 124 किलो, दीड वर्षात 78, आता तीन वर्षांनी 91. या 13 किलोंपायी तू स्वतःला चोर म्हणतेस. बाबांनी दोन हंगामांच्या तुरीचा चुकारा माझ्या पोटात घातला आणि मी तो चहाबिस्किटांत बुडवला, असं लिहिलंस. वाक्य झकास जमलंय, हिशेब मात्र पुन्हा चुकला. 124 मधून 91 वजा कर. 33 किलो अजून उतरलेलेच आहेत. शुगरची गोळी सुटली ती सुटलेलीच आहे. ती कोणत्या रकान्यात मांडलीस?

आता माझं ऐक. मी 118 वरून 76 वर आले होते, आणि चौथ्या वर्षी 94 झाले. तूही माझ्याच वर्गात होतीस तेव्हा, कदाचित तुला आठवत असेल. वजनकाटा मी पलंगाखाली सरकवून दिला, पुढे पोत्याने झाकला. नागपूरहून तपासणीसाठी फोन आला की सांगायची, निवडणुकीची ड्युटी आहे. त्या दोन वर्षांत मी जेवढ्या निवडणुका सांगितल्या तेवढ्या देशात झाल्या नसतील. दवाखाना टाळला तशा जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सुटल्या. मग हातापायाला मुंग्या, खडू हातातून निसटायचा, जिना चढताना धाप. बी 12 पार तळाला गेलेलं आणि हिमोग्लोबिन 8. वाढलेल्या 18 किलोंनी माझं इतकं वाकडं केलं नव्हतं, जितकं त्या पोत्याने केलं.

डॉक्टर रागावतील ही भीती असते ना? माझे रागावले नाहीत. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. आपलं ते स्लीव्हचं ऑपरेशन, त्यात पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून पहिलं वर्ष भूकच लागत नाही. आपल्याला वाटतं आपला निग्रह मोठा. पुढे शरीर हळूहळू सावरतं. उरलेलं पोट थोडं सैल होतं, भूक परत येते, आणि बारीक झालेलं शरीर कमी अन्नात भागवायला शिकलेलं असतं. दुष्काळ पाहिलेल्या घरासारखं, दाणा दिसला की कणगीत टाकायचं. सर्वांत कमी वजन साधारण दीड-दोन वर्षांनी दिसतं, त्यानंतर थोडं चढणं हे नेहमीचं आहे. स्वीडनमध्ये अशा रुग्णांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला गेला. तिथे पोटाचं बायपास, म्हणजे पोट लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन, झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं आणि 10 वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर येऊन थांबली. तुझं ऑपरेशन वेगळं, पण चढउताराची चाल ओळखीचीच आहे.

म्हणजे काही करायचं नाही असं नाही. तुझ्या 13 किलोंत शरीराचा वाटा आहे तसा मुरमुऱ्यांचाही आहे.

तू लिहिलंस, "मॅडम, मी भाकर तर अर्धीच खाते." खरंच आहे, तू अर्धीच खात असशील. भाकर, घट्ट वरण, अंडं असलं अन्न लहान पोटात थांबतं आणि पुरे म्हणून सांगतं. चहात बुडवलेलं बिस्किट, आलुपोंगा, शेव-मुरमुरा, सरबत हे सगळं थांबतच नाही, सरकून जातं. पोट भरल्याची खूण पटत नाही आणि दिवसभर चरणं सुरू राहतं. मी शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून चिवड्याच्या डब्यात हात घालायची, बसून खाल्लं नाही म्हणजे खाल्लंच नाही असा माझा कायदा होता. एक आठवडा फक्त लिही. काही सोडू नको, काही बदलू नको, जे तोंडात गेलं ते वेळेसकट वहीत. वेचणीवाल्या बायांसोबत वावरात घेतलेला गोड चहासुद्धा. तो दिवसातून किती वेळा होतो, हे मला तुझ्याआधी माहीत आहे.

जेवताना पहिला घास प्रथिनांचा. दिवसाला 60 ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि वाटीभर घट्ट वरणात सहा-सातच मिळतात. म्हणून वरणावर विसंबू नको. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम. घरी अंडं चालत नसेल त्या वारी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, 30 ग्रॅम कोरड्या वड्यांत 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात. आपल्या भागाची गंमतच आहे. वावरं सोयाबीनने भरलेली, आणि सगळं सोयाबीन बाजार समितीत. घरात कोणी शिजवत नाही. वड्या सांबार (कोथिंबीर) आणि लसूण घालून झुणक्यासारख्या परतून बघ, वाईट लागत नाहीत. जेवताना पाणी नको, नंतर अर्ध्या तासाने पी. कुठेही बसून हळू खा, पण मोबाईल बाजूला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचं विचारलंस. खा. पुरणपोळीचा चतकोर, आंबील दोन घोट, आणि ताटावरून ऊठ. मावश्या आग्रह करतील, त्याच मावश्या ओटीवर बसून "एवढा पैसा घालून ऑपरेशन केलं अन् पोरगी पुन्हा फुगली" म्हणतील. मागच्या वर्षी याच म्हणत होत्या, वजन उतरलंय तोवर लग्न उरकून घ्या. जणू सोयाबीनचा भाव आहे, पडायच्या आत विकून टाका. त्यांना उत्तर देत बसू नको.

मोबाईलवर पाच दिवस नुसतं पातळ पिऊन पोट पुन्हा लहान करायचा प्रकार दाखवतात, तो करू नकोस. त्याने पोटाचा आकार बदलत नाही, तुला चक्कर तेवढी येईल. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचंही विचारलंस. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही औषधं 2025 पासून वजनासाठी आपल्याकडे मिळतात, ऑपरेशननंतर वजन परत आलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. पण ती डॉक्टरांनी सगळं तपासून द्यायची, ओळखीच्या मेडिकलवाल्याने पुडीत बांधून नाही. आणि तुला रात्री छातीत जळजळ होते ते तू शेवटच्या ओळीत सहज लिहून टाकलंस. ते पहिल्या ओळीत हवं होतं. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो, त्यासाठी कधी दुर्बिणीतून पोट पाहावं लागतं, आणि काहींच्या बाबतीत स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करायचा विचारही होतो. थायरॉईड पाहिलं का? मधे कोणती नवी गोळी सुरू झाली का? काही औषधांनीही वजन चढतं. हे सगळं अंदाजाने ठरत नाही.

रात्री पावणेबाराला "जगून काय उपयोग" असं लिहिलेलं मी वाचलंय, वाचून सोडून दिलेलं नाही. तसं पुन्हा वाटलं तर मला उठव, वेळ पाहू नको. मी उचलला नाही तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनला 14416 वर लाव, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

येत्या गुरुवारी माझी तपासणी आहे. तुझ्या डॉक्टरांकडे तुझीही वेळ घे, घेता येत नसेल तर मी बोलते. कळंबच्या स्टँडवर साडेपाचला ये, नागपूरची पहिली एसटी धरू. रक्त द्यायचं आहे म्हणून उपाशीपोटी, पाणी चालेल. जुनी फाईल आण, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आण, आणि ती वही, अर्धीच भरली असेल तरी. रक्त देऊन झालं की खायला उकडलेली अंडी मी डब्यात आणते. वजन तिथे आधी माझं होईल, मग तुझं.

तुझी,
मॅडम