नागपुरात बेसमेंटमध्ये होम थिएटर आणि बार करावा का?

तुम्ही विचारलं की बेसा रोडकडे घर बांधून राहिलो, खाली बेसमेंट काढून त्यात होम थिएटर आणि छोटासा बार करायचा आहे, पैसे वसूल होतात का आणि लोकं कुठे चुकतात. मी हे सगळं करून बसलो आहे, चुका पण जवळपास सगळ्या करून झाल्या, म्हणून थोडं लांबण लावतो.

पैसे वसूल होतात, हाव. पण तुम्ही आत्ता ज्या गोष्टी पाहून राहिले असाल ना, प्रोजेक्टर कोणता, डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज येणारी सिस्टिम) घ्यायचं का, रिक्लायनर चामड्याचं की कापडाचं, ते सगळं दोन महिने बाजूला ठेवा आणि आधी पाण्याचं बोला. नागपुरात बेसमेंट म्हणजे पहिले पाणी, मग आवाज, आणि मग पडदा. मी हा क्रम उलटा लावला होता.

आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीतच आहे, पावसात फुगते आणि मे महिन्यात अशी फाटते की भेगेत मूठ जाईल. भिंतीला लागून हीच माती परत भरली तर पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांमधून सरळ तुमच्या भिंतीपर्यंत येऊन उभं राहते. माझं घर २०२१ मध्ये उभं झालं, ठेकेदार म्हणे साहेब आतून केमिकल कोटिंग मारून देतो, दहा वर्षं पाहायचं काम नाही. पोळ्याच्या दिवशी खाली गेलो तर कोटिंग भिंतीवरून पापडासारखं सुटून आलेलं आणि मागे पांढरा खार फुटलेला. साधी गोष्ट आहे, पाणी बाहेरून ढकलते आणि आपण आतून लेप लावतो, लेप बिचारा काय करणार.

मग २०२२ च्या उन्हाळ्यात तीन बाजूंनी खोदून भिंत बाहेरून उघडी केली, लिंबाचं झाड गेलं त्यात, आई अजून बोलून दाखवते. बाहेरून वॉटरप्रूफिंग, खाली छिद्राचा पाइप आणि गिट्टी, पाइप नेऊन सोडला एका खड्ड्यात ज्यात पंप बसवला, आणि भरताना काळी माती न भरता मुरूम भरला. चौथ्या बाजूला शेजाऱ्याचं कंपाउंड, तिकडे खोदता येत नव्हतं तर आतून ग्राउटिंग, म्हणजे भिंतीत सिमेंटसारखं पातळ द्रावण दाबून भरणं, करावं लागलं. प्रोजेक्टर जेवढ्याला आला त्याच्यापेक्षा जास्त पैसे या मातीत गेले. तुमचं बांधकाम आत्ता चालू आहे, म्हणजे हेच काम तुम्हाला खूप स्वस्तात पडेल, खाली शहाबादी फरशी टाकून बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग, म्हणजे तळाला आणि भिंतींना बाहेरून फरशीची पेटी, करून घ्या, आणि माती भरायच्या आधी स्वतः उभं राहून पाहा.

दोन गोष्टी अजून. एक, पंप इन्व्हर्टरवर पाहिजे. जोराचा पाऊस आणि लाइट जाणे हे आपल्याकडे जुळे भाऊ आहेत, ज्या वेळी पंप लागतो नेमकी त्याच वेळी लाइट नसते. दुसरी, खाली उतरायच्या पायऱ्यांना उंबरा उंच करा, रस्त्याच्या पातळीपेक्षा चांगला उंच. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते ना, गणपती बसलेले होते, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीच्या काठचे लोक झोपेतून उठले तर घरात पाणी. माझ्या ओळखीच्या एकाचं थिएटर त्या दिवशी छतापर्यंत भरलं होतं, सोफा तरंगत वर येऊन प्रोजेक्टरला टेकला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या भिंतीतून थेंब आला नव्हता, सगळं पाणी पायऱ्यांवरून उतरलं. म्हणून माझ्याकडे खालचे सगळे सॉकेट जमिनीपासून दोन फूट वर आहेत आणि मेन डीबी, म्हणजे विजेचा मुख्य बोर्ड, वरच्या मजल्यावर.

आता भिंत कोरडी आहे की नाही हे कसं कळेल, तर ऑगस्टमध्ये दोन बाय दोन फुटाचं प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून द्या आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरलं असेल तर सुताराला अजून बोलावू नका. आणि कूलर खाली चुकूनही लावू नका, वर घरात कूलर म्हणजे देव असेल पण बेसमेंटमध्ये तो ओलावा भरते, लेन्सला बुरशी आणि सोफ्याला वास. एसी पाहिजे आणि जुलै-ऑगस्टमध्ये डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढणारं मशीन, ओलावा पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर ठेवतो मी. बाकी मे महिन्यात वर ४५ चालू असते तेव्हा खाली उतरलं की जो गारवा लागतो ना, त्यासाठीच अर्धे पैसे वसूल समजा. दुपारी आई पण खाली येऊन झोपते, पिच्चरशी तिला काही घेणं नाही.

थिएटरचं सांगतो. माझी खोली २२ बाय १४, उंची ९ फूट. पडदा १२० इंची, म्हणजे रुंदी पावणेनऊ फूट आणि उंची पाच फुटाला थोडी कमी. बसायची जागा पडद्यापासून १२ फुटांवर, यापेक्षा मागे गेलं तर मोठ्या टीव्हीची मजा येते, थिएटरची येत नाही. लहानपणी पंचशीलला नाहीतर लिबर्टीला जाऊन मधल्या रांगेत बसायचो तेव्हा पडदा जसा अंगावर यायचा तो हिशोब डोक्यात होता. छताचा रंग पांढरा ठेवू नका, पडद्याचा उजेड छतावर जाते आणि परत पडद्यावर येते, काळा रंग राखाडी दिसते मग. बायको म्हणे गुहा करायची आहे का घरात. शेवटी तडजोड झाली, पुढचा तिसरा हिस्सा काळा मॅट, मागचा गडद राखाडी, आणि पडद्याच्या भिंतीला गांधीबागेच्या कापड बाजारातून आणलेलं काळं मखमल.

आवाजात लोकं दोन वेगवेगळ्या गोष्टींचा घोळ घालतात. खोलीतला आवाज बाहेर जाऊ नये हे एक काम, आणि खोलीत आवाज चांगला लागावा हे दुसरं. भिंतीला फोमचे त्रिकोणी तुकडे चिकटवून पहिलं काम होत नाही, दुसरं पण अर्धवटच होते कारण फोम फक्त बारीक, म्हणजे उंच पट्टीचा आवाज खाते. अंड्याचे ट्रे लावणारे पण भेटले मला, त्याने काहीच होत नाही आणि आग लागली तर ते पहिले पेटतात. मी लाकडी चौकटीत दोन इंच रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरून वर कापड ताणून पॅनल केले, लाकूड लकडगंजवरून, सुतार ओळखीचा. आणि बाहेर आवाज जातो तो मुख्यतः दारातून, म्हणून भरीव दार आणि चारही बाजूंनी रबराची पट्टी. तरी धमक स्लॅबमधून वर जातेच थोडी. पहिल्या रात्री आईने वरून फोन केला, खाली रणगाडा चालून राहिला का रे.

बासची गंमत ऐका. सबवूफर, म्हणजे फक्त खोल धमधम आवाज (बास) वाजवणारा स्पीकर, पडद्याच्या कोपऱ्यात ठेवला होता, सगळे ठेवतात तसा. सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसलं की छातीत धमधम, आणि मधल्या सीटवर, म्हणजे माझ्या सीटवर, बास गायब. मी समजलो अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) फॉल्ट आहे. नंतर कळलं की १४ फुटाच्या रुंदीत ४० हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये अशी अडकते की भिंतीजवळ जोरात आणि बरोब्बर मधात शून्य. मग तो उपाय केला, सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं, जिथे बास भरलेला आणि सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. बायकोने रांगतानाचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, तो अजून लग्नकार्यात निघते. कोपऱ्यातून काढून पडद्याखाली मधोमध आणला आणि प्रॉब्लेम मिटला, एक रुपया खर्च न करता.

वायरचं पटकन. प्रोजेक्टरपर्यंत दोन इंची पाइप टाकून ठेवा, वायर भिंतीत गाडू नका, पाच वर्षांनी वायर बदलावीच लागते. दहा मीटरच्या वर फोर-केसाठी साधी एचडीएमआय दगा देते, फायबरवाली घ्या. अँप, प्लेयर, सबवूफर सगळं एकाच लाइनवर आणि अर्थिंग नीट, नाहीतर स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण.

आता बार. खरं सांगू का, बार आणि थिएटर या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. बारला उजेड पाहिजे, गप्पा पाहिजे, बर्फाचा खडखडाट पाहिजे, आणि थिएटरला अंधार आणि शांतता. सुतार म्हणे बार म्हटलं की मागे आरसा पाहिजेच भाऊ. लावला. पहिल्या रात्री लोक पिच्चर समोर पाहून राहिले होते आणि त्याचाच उजेड मागच्या आरशातून परत पडद्यावर येत होता. दुसऱ्या दिवशी आरसा निघाला. छोटा फ्रिज काउंटरखाली होता, पिच्चरमध्ये सगळे गप्प झाले की नेमका त्याचा कॉम्प्रेसर घर्रर्र करून सुरू व्हायचा. तो जिन्याखालच्या स्टोअरमध्ये गेला.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ग्लासांनी. जोराचा बास आला की कुठूनतरी किणकिण, बारीक, फुटक्या ट्वीटरसारखी (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग). दोन संध्याकाळी मी स्पीकर उघडून, वायर घट्ट करून, दुकानदाराला फोन लावून झालो. तिसऱ्या दिवशी मुलगी, आठ वर्षांची होती तेव्हा, मागे गेली आणि ग्लासांच्या रॅकवर हात ठेवून उभी राहिली. आवाज बंद. हात काढला, चालू. आता रॅकमध्ये रबराची जाळी आहे आणि दोन ग्लासांमध्ये बोटभर जागा.

शेवटी जे जमलं ते असं, तुम्ही पहिल्यापासूनच असं करा. सोफ्याच्या पाठीमागे ४२ इंच उंच आणि फक्त फूटभर रुंद काउंटर, काळ्या ग्रॅनाइटचा पण पॉलिश न केलेला, आणि त्याच्या मागे ३० इंची स्टूल, तोंड पडद्याकडे. म्हणजे स्टूलवरचा माणूस सोफ्यावरच्यांच्या डोक्यावरून पाहते, दुसऱ्या रांगेसाठी वेगळा चबुतरा बांधायची गरज नाही. बाटल्यांचं कपाट मागच्या भिंतीत, दार बंद होणारं. आणि सिंकचा विचार नीट करा, बेसमेंटमधलं पाणी गटाराच्या लाइनच्या खाली असते, आपोआप जात नाही, उचलून टाकायला वेगळा पंप लागते. मी तो लावला नाही, ग्लास वर नेऊन धुतो, म्हणजे मुलगा धुते.

कायद्याचं पण पाहून घ्या. महाराष्ट्रात दारू घरी ठेवायला आणि प्यायला परमिट लागते, आयुष्यभराचं मिळते, काढून टाका एकदाचं. त्यावर बारा युनिटपर्यंतची मर्यादा आहे (युनिट हे दारू मोजायचं सरकारी माप), म्हणजे भिंतभर बाटल्या सजवायचा जो फोटो तुम्ही सेव्ह करून ठेवला असेल तो विसरा. बियर-वाइनला वय २१ आणि हार्डला २५, पोरांचे मित्र खाली येतात तेव्हा कपाटाला कुलूप. माझा साळा वर्ध्याचा, तिकडे दारूबंदी, त्यामुळे आमच्या थिएटरचा सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक तोच आहे, पण जाताना सोबत बाटली मागितली की मी हात जोडतो. आणि मंजूर नकाशात बेसमेंटचा वापर काय लिहिला आहे ते आर्किटेक्टला आधी विचारा, स्लॅब पडल्यावर नाही.

वापराचं म्हणाल तर आमच्याकडे आता नियम झाला आहे, मॅच असली की बार चालू आणि मागचे लाइट चालू, पिच्चर असला की बार बंद. क्रिकेट अर्ध्या उजेडात पण छान दिसते आणि आरडाओरडा झाला तरी कोणाचं काही जात नाही, जामठ्याच्या स्टेडियमच्या तिकिटासाठी मारामारी करण्यापेक्षा बरं. काउंटरवर दारूपेक्षा तर्री पोहेच जास्त वेळा ठेवले जातात, रविवारी सकाळी, आणि संत्र्याच्या दिवसात संत्री. एकदा एकाने सावजी रश्श्याची वाटी अंधारात सोफ्यावर उपडी केली, तो डाग आजही तिथे आहे, दोनदा ड्रायक्लीन करून. म्हणून रिक्लायनरचं विचारलंत ना, चामडं पावसाळ्यात बुरशी धरते आणि फिकट कापड तर्री धरते, गडद तपकिरी कापड घ्या, कव्हर काढून धुता येणारं.

प्लॉट नाल्यापासून किती लांब आहे आणि रस्ता तुमच्या प्लॉटपेक्षा उंच आहे की खाली, हे कमेंटमध्ये लिहा, त्याप्रमाणे पंप केवढा लागेल ते सांगतो.